कापता न येणारी गाणी

हापरेटरचा_पुतण्या

आमचे थोरले काका तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. गावात ऑपरेटर कुणी म्हणायचं नाही, हापरेटर म्हणायचे, म्हणून माझा हा आयडी. दिवाळी झाली की तंबू बाहेर पडायचा तो मृगाच्या तोंडावर परत यायचा. पालीचा खंडोबा, पुसेगाव, खानापूर-तासगावकडच्या बारक्या जत्रा. एक प्रोजेक्टर, कार्बनच्या कांड्या, धूर ओकणारं जनरेटर आणि पत्र्याच्या पेटीत सिनेमा.

जत्रेत एका रात्रीत तीन खेळ झाले तर मालकाचं पोट भरायचं. सिनेमा पावणेतीन तासांचा, मशीन एकच, त्यामुळं दर रिळाला थांबायचं आलं. मग मालक संध्याकाळीच सांगून ठेवायचा, "आज दोन गाणी उडवा." फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते. चार मिनिटांचं गाणं म्हणजे साडेतीनशे फुटांच्या वर पट्टी. काका ती कात्रीनं काढायचे, टोकं ब्लेडनं खरवडून फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचे, दाबून धरायचे आणि कापलेला तुकडा डब्यात ठेवायचे. पेटी परत जायच्या आदल्या रात्री सगळे तुकडे पुन्हा जागच्या जागी.

आता मुद्दा. कुठलं गाणं उडवायचं याचा काकांचा नियम होता. गाण्याच्या आधी माणूस जिथं उभा आहे, गाणं संपल्यावरही तिथंच उभा असला तर गाणं उडतं. पुढं सरकला असला तर उडवायचं नाही, पब्लिक कनात फाडतंय. सिनेसंगीतावर मी पुष्कळ वाचलंय, पण एवढ्या कामाचं वाक्य मला दुसरीकडं मिळालेलं नाही.

माझ्याकडून सुरुवात 'पिंजरा'पासून. १९७२, शांताराम, गाणी खेबुडकरांची, चाली राम कदमांच्या. यातल्या दोन-तीन लावण्या, खरं सांगू का, उडतात. कितीही ठसकेबाज असल्या तरी उडतात. पण 'कशी नशिबानं थट्टा आज मांडली' काढून बघा. तमाशाचा फड गावातनं हाकलायला निघालेला मास्तर त्याच फडात तुणतुणं धरून उभा आहे, हे तुम्हाला मग संवादात सांगत बसावं लागेल. गाणं ते चार मिनिटांत सांगतं आणि वर लाज वाटायला लावतं.

तर सांगा. सिनेमा, नाटक, रेडिओ, इंग्रजी, काहीही चालेल. नुसतं 'मला आवडतं' नको. काढलं तर काय अडतं ते लिहा.

जरंडा

भारी धागा. हजेरी लावतो, सातारकडून.

आमचं दुःख वेगळं आहे. बाहेरगावी कुठंही "मी साताऱ्याचा" म्हटलं की समोरचा पहिल्यांदा पेढे विचारतो आणि दुसऱ्यांदा बुगडी गातो. १९५९ चा 'सांगत्ये ऐका', वसंत पवारांची चाल, आशाबाईंचा आवाज. पुण्याच्या विजयानंदला तो सिनेमा १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं झाली की हो! तेवढ्यात आमच्याकडं नवीन एसटी स्टँड बांधून होत नाही.

आता काकांच्या नियमानं बुगडी उडते का? मला वाटतं उडते. गाण्यात सातारा नावापुरता आहे. जाणारी पोचली का, बुगडी सापडली का, कुणालाच पडलेली नाही. तरी ते गाणं काढलं असतं तर १३१ सोडा, ३१ आठवडे तरी निघाले असते का? म्हणजे नियमात कुठंतरी भोक आहे.

अवांतर: पालीच्या जत्रेत लहानपणी मी 'पिंजरा' बघितला तो असाच. बाई पदर सावरून उभी राहिली, ढोलकीवर थाप पडली, आणि एकदम दुसऱ्या दिवशीची सकाळ. सगळा तंबू ओरडला. मला कैक वर्षं वाटत होतं सिनेमाच तसा आहे. इंगळीचं गाणं त्यात आहे हे मला पुढं टीव्हीवर कळलं.

हापरेटरचा_पुतण्या

@जरंडा, साल आठवतंय का? पाली आमच्याच तंबूच्या फेरीत होती. 🙈

सांगलीची_लेक

मूळची हरिपूरची, आता पुण्यात. नियम ऐकायला छान आहे, पण आमच्या गावाची त्यानं पार वाट लागते.

ज्या हरिपुरात गोविंद बल्लाळ देवळांनी 'शारदा' लिहिलं असं सांगत आम्हाला वाढवलं, तिथं संगमेश्वराच्या देवळाजवळ कुणाही म्हाताऱ्याला विचारा, तो नाटकाची गोष्ट दोन वाक्यांत संपवेल आणि पदं अर्धा तास म्हणेल. संगीत नाटकात गाणं संपल्यावर पात्र पुढं सरकत नाही. वन्समोअर आला की उलट मागं येतं! राजवाड्याच्या दारातून आत गेलेली रुक्मिणी प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून बाहेर येऊन तेच पद पुन्हा म्हणते, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या आसपास पदं होती. काकांनी कात्री लावली असती तर पहाटेपर्यंत चालणारं नाटक नऊला संपून लोक जेवायला घरी.

माझं म्हणणं असं की तिथं हिशेब उलटा आहे. गोष्ट कापली तरी चालते, पद कापता येत नाही. गोष्ट म्हणजे पेटीवाल्याला श्वास घ्यायला मिळावा म्हणून ठेवलेली जागा.

हापरेटरचा_पुतण्या

म्हणजे गाणं हाच सिनेमा आणि बाकीचं मध्यंतर. हे काकांना सांगायला पाहिजे.

खुंटी_मिरज

आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे करतात, तेव्हा थोडं आमच्या बाजूनं.

सगळे शब्द आणि चालींवर बोलताय. 'कट्यार'चं घ्या. १९६७ चं नाटक, दारव्हेकरांचं, संगीत अभिषेकीबुवांचं, खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. २०१५ ला सुबोध भावेंनी सिनेमा केला. त्यात 'घेई छंद मकरंद' दोनदा येतं. एकदा पंडितजींच्या रीतीनं, संथ, एकेक स्वर न्हाऊमाखू घालून. एकदा खाँसाहेबांच्या रीतीनं, तुटून पडल्यासारखं. शब्द तेच. दोन घराण्यांचं भांडण नेमकं कशावरून आहे हे नाटकात दुसऱ्या कुठल्याही प्रवेशात कळत नाही, त्या दोन गाण्यांच्या मधल्या फटीत कळतं. एक काढा, दुसरं नुसतं छान गाणं उरतं. दोन्ही काढा, मग नुसती कट्यार. माझ्या लेखी मराठीतलं सगळ्यात न उडणारं गाणं हे.

सिनेमात खाँसाहेबांचा आवाज राहुल देशपांडेंचा आहे, वसंतरावांच्या नातवाचा. आणि पंडितजी म्हणून शंकर महादेवन स्वतःच उभे राहिले, त्यामुळं गाताना ओठ हलवल्यासारखं वाटत नाही, गळ्याची शीर हलते. आमच्यासारख्याला तेवढंही दिसतं.

आता खरं दुखणं. रेकॉर्डिंग कुठलंही असो, मागं तंबोरा असतो. लोकांच्या लक्षात तो फक्त बंद पडल्यावर येतो. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एका जागी जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा झंकार, उघडते. केसभर इकडंतिकडं झालं तर तार नुसती वाजते, बोलत नाही. माझा आजोबा एका तंबोऱ्याच्या जवारीला अख्खी दुपार द्यायचा. आता पोरं मोबाईलवर तंबोरा लावतात. तो एकसारखा वाजतो, आणि तिथंच घोटाळा आहे. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, सत्कार झाले, नारळ मिळाले. गिऱ्हाईक मात्र अजून विचारतंय, "ॲपपेक्षा याच्यात काय जास्त आहे?" काय सांगायचं?

माणदेशी_मेंढरू

@खुंटी_मिरज, "तार नुसती वाजते, बोलत नाही" हे वाक्य चोरलं आहे. पैसे पोचवतो.

मी आटपाडी तालुक्यातला. म्हणजे माडगूळकरांच्या मुलखातला. शेटफळे, माडगूळ ही आमची रोजच्या येण्याजाण्यातली गावं. दुष्काळ एवढा की लिंबाच्या झाडाला सावली परवडत नाही, आणि त्यातनं हा माणूस निघाला. जरंडाभाऊंची बुगडी गदिमांची, आणि 'गीतरामायण'ही गदिमांचं. १९५५ च्या १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, वर्षभर चाललं, ५६ गाणी, सुधीर फडक्यांची चाल. बुगडी त्याच्यानंतर चारच वर्षांनी. एकाच दौतीतनं सीतेचं दुःखही निघतंय आणि कानातलं सांडलेलीही निघतीय. सोवळं-ओवळं मानणाऱ्यांना हे अजून पचत नाही.

गीतरामायणात कापायला गोष्ट वेगळी ठेवलेलीच नाही. प्रत्येक गाणं एका पात्राच्या तोंडी आणि गाणं संपलं की कथा एक मुक्काम पुढं. काकांच्या नियमाला ५६ पैकी ५६. आणि आता मंडळवाले काय करतात? पाहुण्यांच्या भाषणाला वेळ पाहिजे म्हणून बारा गाणी. राम वनवासाला जातो तो थेट पुष्पक विमानातच बसतो. आमच्याकडच्या एका कार्यक्रमात सीतेचं हरण झालंच नाही आणि लंकेत युद्ध सुरू! शेजारचा म्हातारा मला म्हणाला, "मग ही भांडतात कशापायी?"

अबोल

एक उलटी बाजू मांडतो. मला न उडणारी शांतता आवडते.

'फँड्री' बघायला मी गेलो ते गाण्यामुळं. विंचवाचं गाणं तेव्हा प्रत्येक रिक्षात वाजत होतं. सिनेमा संपला, गाणं आलंच नाही. ते जाहिरातीपुरतं केलं होतं. माझ्या मागचे दोघं चिडले होते, पैसे वसूल झाले नाहीत म्हणून. मला मात्र बाहेर पडल्यावर कळलं की ते गाणं आत असतं तर सिनेमातल्या पोराला, जब्याला, तीन मिनिटं सुट्टी मिळाली असती. त्याला सुट्टी द्यायचीच नव्हती. दिग्दर्शकानं स्वतःच उडवलेलं गाणं.

'सैराट'मध्ये त्याच माणसानं पूर्वार्धभर गाण्यांची जत्रा भरवली. लॉस एंजेलिसला जाऊन मोठा वाद्यवृंद रेकॉर्ड केला अजय-अतुलनी. आणि शेवटाला काय ठेवलं? आवाज बंद. पोराची पावलं उमटत जातात आणि कानाला काहीही नाही. आमच्या इथं थेटरात झिंगाटला पोरं पडद्यासमोर नाचत होती, नाणी उधळत होती. तीच पोरं शेवटी खुर्चीतनं उठेनात. लाईट लागली तरी उठेनात. मला वाटतं शेवटची शांतता ऐकू यावी म्हणून आधी एवढा दणका लागत होता. झिंगाट उडवा, शेवट बोथट.

जरंडा

@अबोल हे मान्य. पण वरातीत ते वाजलं की शेवट कुणालाच आठवत नाही. मी स्वतः घोड्यापुढं नाचलोय त्याच्यावर. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेल्या दोघांचा खून होतो त्या सिनेमातलं गाणं, आणि आपण ते पत्रिका छापून केलेल्या लग्नात वाजवतो.

मेणवली_घाट

वाईकर. आमच्याकडं शूटिंग म्हणजे पावसासारखं, येतं जातं. घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांना "जरा बाजूला व्हा" म्हणणारी माणसं दर दोन महिन्यांनी असतात. 'स्वदेस' तेवढा वेगळा. २००४. सिनेमातलं गाव चरणपूर उत्तरेतलं, दगड मात्र आमचे.

त्यात एक रात्र आहे. गावात पडदा लावून सिनेमा दाखवतात, 'यादों की बारात'. पडद्याच्या पुढं वरच्या जातीचे, मागच्या बाजूला बाकीचे. वीज जाते. सगळे आता उठणार, तेवढ्यात नायक ताऱ्यांवरचं गाणं सुरू करतो आणि गाण्याच्या मध्येच तो पडदा खाली येतो. दोन्ही बाजू पहिल्यांदा एकमेकांकडं बघतात. रहमानच्या चालीपेक्षा मला ते पडद्याचं पडणं ऐकू येतं, खोटं नाही सांगत.

पडद्याच्या मागून सिनेमा मी बघितलाय. तिकिटाला पैसे नसायचे म्हणून कनातीच्या पलीकडं, चिखलात. मागून बघितलं की सगळं उलटं दिसतं. हिरो डावखुरा, पाट्या वाचता येत नाहीत, नमस्काराला पुढं येतो तो डावा हात. फक्त गाणी उलटी होत नाहीत. गाण्यापुरते आम्ही आणि आतले तिकीटवाले सारखेच. म्हणून कुठलाच ऑपरेटर गाणं कापतो म्हटल्यावर माझं डोकं फिरतं. तुम्ही आतल्यांचा वेळ वाचवत होता, बाहेरच्यांचं काय?

हापरेटरचा_पुतण्या

यावर माझ्याकडं उत्तर नाही. काकांना वाचून दाखवतो. ते ऐंशी पार आहेत, मोबाईल कानाला लावतात पण डोळ्यांना नाही.

सांगलीची_लेक

@मेणवली_घाट, वाचून गप्प बसले होते दोन दिवस.

इंग्रजीतलं कुणीच काढलं नाही म्हणून मी काढते. 'साऊंड ऑफ म्युझिक', १९६५. शाळेनं रांगेनं नेलं होतं. इंग्रजी सातवीपासून शिकलेलं, त्यामुळं कळलं ते एवढंच की बाई मठातून पळाली आणि पडद्यांच्या कापडाचे कपडे शिवले. पण डो-रे-मी सुरू झालं आणि आमची अख्खी रांग सरसावून बसली. अरे, ही तर पेटीच्या क्लासची पहिली तासिका! आमच्या बाई आरोह-अवरोह घोटून घ्यायच्या तेच, फक्त डोंगरावर आणि मार न खाता. त्या गाण्याआधी ती पोरं शिट्टीवर चालतात, गाण्यानंतर सुरावर चालतात. काकांनी हात लावला नसता.

आणि शेवटाकडचं एडेलवाइस. ते ऑस्ट्रियाचं जुनं लोकगीत असेल असं मला कॉलेजपर्यंत वाटायचं. तसं नाही, रॉजर्स आणि हॅमरस्टीननी १९५९ च्या नाटकासाठी ते नवीन लिहिलं. समोर जर्मन अधिकारी बसलेत आणि कॅप्टन एका फुलाचं गाणं म्हणतो, गळा दाटून थांबतो, मग सगळं सभागृह म्हणायला लागतं. देश सोडून जायचा आहे हा शब्दही न उच्चारता निरोप घेऊन झाला. खाडिलकर सांगलीचेच, परकीय सत्तेला पौराणिक कपडे घालून शिव्या द्यायची विद्या आपल्याकडं होतीच. पण त्या 'कीचकवधा'त पदं नव्हती. असती तर?

यंदा भावे नाट्यमंदिराला 'मानापमान' किंवा 'शारदा'चा प्रयोग लागला तर कळवा कुणीतरी. सिनेमा 'मानापमान' बघितला जानेवारी २०२५ ला. देखणा आहे. पण थेटरात वन्समोअर म्हणायची सोय नाही, मी मनातल्या मनात म्हणून घेतलं.

खुंटी_मिरज

ताई, आमच्या बालगंधर्व नाट्यगृहाला काही लागलं तर नक्की कळवतो. पहिल्या रांगेत बसू नका, तिथं माईकवाला जास्त ऐकू येतो आणि गाणारा कमी.

हापरेटरचा_पुतण्या

काल रविवारी काकांना धागा वाचून दाखवला. दीड तास लागला. मध्ये चहा दोनदा. माणदेशी मेंढराच्या पुष्पक विमानाला ठसका लागेपर्यंत हसले. मेणवलीकरांचा प्रतिसाद पुन्हा वाचायला लावला आणि काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "तो नियम खरा न्हवं."

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाले, नियम मालकाला सांगायला होता. आज हे गाणं का उडवलं म्हणून विचारलं की तोंडावर फेकायला काहीतरी पाहिजे ना. नाहीतर उडवायला दोन गाणी पाहिजेतच म्हटल्यावर त्यांना जी आवडायची तीच ते उडवायचे. कापलेला तुकडा डब्यात यायचा. तीन खेळ झाल्यावर, तंबू रिकामा झाल्यावर, जनरेटर बंद करायच्या आधी ते तो तुकडा मशीनवर चढवायचे आणि एकटेच बघायचे. रिकाम्या तंबूत, पोत्यांवर कुत्री झोपलेली असायची. सगळे तुकडे पेटी परत जाताना जोडले जायचे हेही शंभर टक्के खरं नाही. एखादा "राहून जायचा".

तो डबा मी लहानपणी बघितलाय. बिस्किटाचा, चौकोनी. मला वाटायचं जोडकामाचा कचरा आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा काकांचं घर छपरापर्यंत बुडालं होतं. पाणी उतरल्यावर डबा सापडला, आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटून वडी झालेली. मी खराट्यानं ढकलून बाकीच्या गाळाबरोबर बाहेर टाकला. मीच टाकला. काका तिथंच खुर्चीवर बसले होते, काहीच म्हणाले नाहीत.

कुठली गाणी होती विचारलं. पाच-सहा सांगितली. त्यात एक इंगळीचं होतं.

माणदेशी_मेंढरू

आईशप्पथ.

मेणवली_घाट

काकांना नमस्कार सांगा. माझा राग गेला असं नाही, पण नमस्कार सांगा.

जरंडा

थांबा थांबा. म्हणजे पालीला ढोलकीवर थाप पडली आणि थेट सकाळ झाली, ते गाणं नंतर तुमच्या काकांनी कुत्र्यांना दाखवलं?

साल आठवायला बसलोय. सापडलं की येतोच सांगलीला, अर्धा किलो कंदी पेढे घेऊन. आधी तिकिटाचे पैसे परत घेणार, मग पेढे देणार.

हापरेटरचा_पुतण्या

@जरंडा या. काका म्हणतात पैसे मालकाकडं मागा, पेढे तेवढे इकडं द्या.